इतका साफ नको

“याचं शटर किती पडलंय?” महारुद्रनं विचारलं.

भारतनं कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. परभणीत जुन्या कॅमेऱ्यांचं त्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक तरणी पोरं, लग्नाच्या ऑर्डरी घेणारी. हा माणूस पन्नाशीचा. जिंतूरच्या एका जिनिंगवर कारकून. शर्टाला कापसाचे तंतू चिकटलेले.

“अभ्यास करून आलात की काका!”

“मोबाईलवर बघितलं. शटर जास्त पडलं असलं, म्हंजे लय फोटो काढून झाले असले, की जुनं मशीन घेऊ नये म्हणत्यात.”

“हे लय कमी चाललंय. एका मास्तरनं पाखरं काढायला घेतलं होतं. पाखरं काय थांबंनात, मास्तर थकलं.”

महारुद्र हसला नाही. बजेट लहान आहे, हे त्यानं आल्याआल्याच सांगितलं होतं.

“पण तुमाला काढायचं काय?”

“मालकिणीचा फोटो. सासूबाईंना द्यायचाय. वालूरला असत्यात त्या.”

“मग कॅमेरा कशाला? स्टुडिओत न्या वहिनींना. न्हाईतर माझा माणूस येतो घरी.”

“घरी कुणी नको. आन एका फोटोनं भागणार न्हाई. वरचेवर लागतील.”

“आजारी हायत का?”

“घशाचं ऑपरेशन झालं. माणसांत येत न्हाई आता.”

भारतचा आवाज खाली आला. त्यानं कपाटातून एक छोटी लेन्स काढली. “मग ही घ्या. तोंडाचा फोटो काढावा तर हिनंच. पापणीचा केस न् केस मोजून घ्या.”

महारुद्रनं ती कॅमेऱ्यावर बसवून समोरच्या रसवंतीवाल्याकडं पाहिलं. त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. त्यानं लेन्स काढून परत दिली.

“इतकं साफ नको.”

“साफ नको म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक बघायलोय काका मी!”

“कॅमेऱ्यासंगं जी लेन्स मिळती, तीच बरी.”

पाखरंवाल्या मास्तरांचा कॅमेरा त्यानं रुमालात गुंडाळून पिशवीत घातला.

बस जिंतूरकडं निघाली आणि फोन वाजला. सासूबाई, केशरबाई. त्यांचं हृदय कमजोर झालं होतं. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता, आणि धक्का बसंल असं काही कानावर जाऊ देऊ नका, असं घरच्यांना बजावलं होतं. दिवाळीला त्यांनी थोरल्या लेकीला, राजेश्रीला, जांभळी साडी धाडली. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला होता.

“नेसली का ती साडी?”

“नेसंल की मामी.”

“फोनवर दे म्हणलं तर बोलायची मनाई म्हणता. धाकट्या पंकीला विचारलं तर ती बी तुमच्याच सुरात सूर लावती. शेजारच्या पोरानं मोबाईलमधी फोटो दाखवला, तो गुढीपाडव्याचा निघाला. मला आत्ताचा पाहिजे. माझ्या साडीतला. भिंतीवर लावायसारखा मोठा.”

“आणतो.”

“न आणाल तर मीच येते. डॉक्टर गेला खड्ड्यात.”

त्यांनी खरंच एकदा पिशवी भरली होती. एसटीच्या थांब्यावर चक्कर येऊन पडल्या, म्हणून वाचलं.

दुसऱ्या दिवशी महारुद्रनं मोबाईलवर पुन्हा सगळं बघून घेतलं. खिडकीजवळ खुर्ची मांडली. समोरचं दार लावलं, उजेड एकाच बाजूनं येईल असं केलं. ती आतून जांभळी साडी नेसून आली आणि खाली बघत खुर्चीत बसली.

“पदर घेऊ का डोक्यावरून?”

“घे. गळ्यापाशी जरा जास्त घे.”

त्यानं एक फोटो काढला. काळा आला. दुसरा पांढरा फटक. तिसऱ्यात हात हलला. चौथ्याला तिचे डोळे भरून आले.

“रडू नको. आईला फोटोत दिसंल.”

“मला न्हाई जमत हे.”

“तिच्या जिवासाठी करायलोय ना आपण?”

तिनं नाक पुसलं, हात मांडीवर ठेवले. “हसू का?”

“थोडंच. आजारातून उठल्यासारखं.”

मग बराच वेळ खटखट वाजत राहिलं. उजेड फिरला, तशी त्यानं खुर्ची फिरवली. शेवटी एक जमला. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. त्यानं तो छोट्या पडद्यावर मोठा करून पुन्हा पुन्हा तपासला. नाक, डोळे, हनुवटी. तिनंही वाकून बघितला आणि एकदम तोंड फिरवून आत गेली.

फोटो मोठा करून, चौकटीत बसवून तो वालूरला निघाला. देवगाव फाट्यावर बस बराच वेळ थांबली. लोक चहाला उतरले. तो फोटो छातीशी धरून जागेवरच बसून राहिला.

केशरबाई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. “आणला? दाखवा,” म्हणाल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्यांनी चौकट दाराच्या उजेडात धरली. काचेवरून पदर फिरवला. चेहऱ्यावर त्यांची नजर क्षणभरच थांबली. मग त्या खाली वाकल्या आणि मांडीवर ठेवलेल्या त्या हातांवरून बोट फिरवत राहिल्या. एकेका बोटावरून. महारुद्रचं लक्ष त्यांच्या श्वासाकडं होतं. तो एकसारखा चालला होता. गोळ्या कुठं ठेवल्यात, हे त्यानं आत शिरतानाच पाहून ठेवलं होतं.

“बरी आलीय ना मामी तब्येत?”

“बरी हाय.”

“डॉक्टर म्हणले, आवाज बी येईल हळूहळू.”

केशरबाईंनी मान हलवली. चौकट उशाशी नीट टेकवून ठेवली. त्याचा हात धरून त्याला बाजेवर जवळ बसवलं. त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला, लहान पोराच्या फिरवावा तसा.

“धाकटीला खुलून दिसती माझी साडी,” त्या म्हणाल्या. “आता सांगा जावईबापू, थोरली माझी कधी गेली?”