जीवखडा

विहीर खणताना काळ्या खडकाच्या दोन थरांमधून पांढुरका दगड निघाला. त्यात अख्खा मासा उमटलेला. धोंडाबाईचा नवरा सावळाराम त्यावर खुळावला. "ह्यो काळा खडक रसरसत आला, त्याच्या आधी हितं तळं हुतं, धोंडे. माझं मडकं ह्याच दगडानं फोडा."

तो गेला तेव्हा चितेपाशी तसंच फोडलं. पण दहाव्याला तो मडकं फोडलेला दगड, म्हणजे जीवखडा, नीरा नदीत सोडायच्या वेळी धोंडाबाईनं गुपचूप दुसराच खडा लेकाच्या हातात दिला. मासा आणून कोनाड्यात ठेवला. माणूस गेलं, निदान एवढं तरी राहू दे.

तेव्हापासून दगड रोज सकाळी ओला असे. मासा जरा जरा विहिरीकडच्या कडेला सरके. ती दगड फिरवून ठेवी. सकाळी तोंड पुन्हा विहिरीकडंच.

"आत्याबाई, मामंजींना पाण्यात सोडा आता," सून म्हणाली.

"उद्या सोडती," म्हणत तिनं दगडाला तोंड लावलं. "माझ्यापरीस तळं गोड लागलं व्हय तुमास्नी?"

सकाळी दगड कोरा होता. कोनाड्याखाली गाळाचा ओला माग. ती रडत दाराकडं धावली. उंबरा कोरडाठाक होता.

माग तिच्या अंथरुणाकडं गेला होता. तिथं, तो निजायचा त्या बाजूची वाकळ भिजत भिजत हळूहळू खाली दबत होती.