तेलाचे हात

चेनचं कव्हर सुटलं आणि आतून चिखलाचं ढेकूळ चांगुणाच्या पायावर पडलं. काल ओढ्याच्या उतारावर दुधाच्या किटलीसकट ती आडवी झाली होती, तेव्हाचा हा चिखल. दूध ओढ्यानं पिऊन टाकलं, चेन उतरली, आणि मोटारसायकल ढकलत अख्ख्या गावातून घरी यावं लागलं ते वेगळंच.

आज संध्याकाळचं दूध डेअरीला जायच्या आत गाडी नीट व्हायला हवी होती. बादलीभर पाण्यानं वरचा चिखल गेला, पण चेनला नुसतं पाणी पुरत नाही. कापलेल्या बाटलीत थोडं डिझेल, जुना टूथब्रश आणि एक फडकं घेऊन ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली.

"न्यूट्रलला हाय ना? इंजिन चालू करू नको. चाक हातानंच फिरव," आतून नवऱ्यानं, कानिफनाथनं सांगितलं. पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे त्याचा सगळा कारभार खिडकीतून चालला होता. "अन् बोटं संभाळ."

"हायती जाग्यावर."

"मोज एकदा."

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या सासूबाई, गोजरबाई, कुरकुरल्या. "आज सोमवार. उपासाचं अंग तुझं, अन् कोपरापतुर हात त्या घाणीत."

"म्हादेवाला राख चालती, आत्याबाई. हे बी चालंल."

तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी खाकरलं. आप्पासाहेब, थोरले दीर. आत पाऊल टाकण्याआधी ते नेहमी असे खाकरत, बायांनी पदर सावरावा म्हणून. लग्न होऊन आल्यापासून त्या आवाजासरशी चांगुणाचा हात आपोआप डोक्याकडे जात आला होता. आत्ताही तो निम्मा उचलला गेला. मनगटाच्या वरपर्यंत काळा, ठिबकणारा. तिनं तो पाहिला आणि परत चेनला लावला.

आप्पासाहेब पुन्हा खाकरले.

"अगं, पदर!" गोजरबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. मग स्वतःच उठून तो तिच्या डोक्यावर ओढू लागल्या.

चांगुणानं मान बाजूला घेतली. "राहू द्या. मग चेन दिसत न्हाई."

भावजयीकडे बघायचंच नाही अशा बेतानं आप्पासाहेबांनी खिडकीकडे तोंड केलं. "कानिफ, गाडी नेतो. माझ्या दारात ऱ्हाईल. तुझा पाय बरा झाला की बघू. दूध माझा गडी घालंल डेअरीला. काल शोभा झाली तेवढी बास. पारावर बसायची सोय ठिवली न्हाई हिनं मला."

थोरल्या भावापुढे कानिफनाथची जीभ उचलत नसे. गेल्या वर्षी विहिरीवरचा पंपही असाच 'बघू' म्हणून गेला होता, आणि अजून पाण्यासाठी चांगुणाच जाऊन त्यांच्या दारात उभी राहत होती.

"चावी कुठंय?"

या घरात थोरले दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर ते सासूच्या तोंडून. चांगुणानं ब्रश खाली ठेवला. तिचा आवाज पूजेत असतो तेवढाच हळू होता.

"चावी माझ्या कनवटीला हाय, दादा. अन् माझं हात भरल्यात. तुमाला काढून द्यायची कशी?"

चावीसाठी पुढे आलेला आप्पासाहेबांचा हात तिथंच राहिला. भावजयीच्या पदराचा वाराही अंगाला लागू न देणारा माणूस, तिच्या कमरेशी खोचलेली चावी काढणार तरी कसा? त्यांचे कान तांबडे झाले.

"आई, तू काढ. दे इकडं."

गोजरबाई सुनेजवळ येऊन वाकल्या. चांगुणा हलली नाही. नुसते डोळे वर करून तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारीचा हात कनवटीपर्यंत आला, थांबला, आणि तसाच खाली जाऊन त्यानं डिझेलात भिजलेलं फडकं उचललं. दोन्ही तळव्यांत धरून त्यांनी ते चांगलं पिळलं.

"माझं बी भरलं की रं हात," त्या म्हणाल्या. "पंप नेलास तवा कुलूप मीच काढून दिल्तं तुला."

खिडकीत कानिफनाथ हसला की खोकला, ते कळलं नाही.

आप्पासाहेब फाटकापर्यंत गेले आणि वळले. आजवरच्या सगळ्या वर्षांत पहिल्यांदाच ते थेट चांगुणाशी बोलले. "परत पडलीस तर उचलाया कुणी येनार न्हाई, सांगून ठिवतो."

"काल तरी कोन आलं हुतं, दादा?"

ते गेले. चांगुणानं चाक फिरवत फिरवत चेन पुसली, तेल सोडलं, कव्हर बसवलं. गोजरबाईंनी कव्हरचे दोन्ही नट हातात धरून ठेवले होते, ते एकेक करून दिले.

धारा झाल्या. किटली गाडीला अडकली. चांगुणानं हात धुतले, पण नखांतलं काळं काही गेलं नाही. साडीचा काष्टा मारून तिनं किक मारली.

"मागच्या पांदीच्या वाटंनं जा," कानिफनाथ म्हणाला. "आत्ता पारावर समदी बसल्याली असत्यात."

"पांदीला चिखल हाय," ती म्हणाली, आणि गाडी पाराच्या अंगाला वळवली.

पारावर नेहमीची मंडळी होती. तिला येताना बघून कोणीतरी कोणाला तरी ढोसलं. रस्त्यात ना माणूस होतं, ना जनावर. चांगुणानं हॉर्न दाबला, आणि पार मागं पडेपर्यंत अंगठा उचलला नाही.