आजोबा ‘हो’ म्हणाले

हे लिहू की नको, असं माझं चार दिवस चाललं होतं.

सोलो शहरातल्या दवाखान्यात गुनादी नर्स इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन खाटेपाशी गेला. “सुकिमिन आजोबा ना?”

“हो बाळा,” म्हातारा गोड हसला.

टोचून झाल्यावर गुनादीनं म्हाताऱ्याच्या मनगटावरची नावाची पट्टी वाचली. पार्मिन. हा दुसराच पेशंट होता.

“येड्या, पट्टी आधी वाचतात!” सोबतची नर्स मैत्रीण लारस डॉक्टरांना बोलवायला धावली.

“आजोबा, हो का म्हणालात?” गुनादीनं विचारलं.

“एवढ्या मानानं विचारलंस. तुला नाही कसं म्हणू?”

“बरं, आता गरगरतंय का?”

“छे! मस्त आहे मी.” कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या.

लारस डॉक्टरांसोबत साखरेची सलाईन घेऊन आली. “लारस, आजोबांचा जीव वाचू दे,” गुनादी म्हणाला. “यापुढे पेशंटचं नाव मी घेणार नाही, ‘तुमचं नाव काय?’ असं त्यालाच विचारीन. शपथ.”