हरवलेला डग्गा

"माझा डग्गा काढून टाकलास तू!" घरात पाऊल टाकताच दिनकरनं खिशातला प्लेअर आणि हेडफोन मोठ्या भावासमोर आदळले. मिरजेच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग पद्माकरनंच त्यात भरून पाठवलं होतं. त्यात गायक पद्माकरचा आवाज लख्ख होता, दिनकरच्या तबल्याची टिकटिकही होती; डग्ग्याचा घुमार मात्र कुठेच नव्हता.

"शुद्धीत आहेस का? मी कशालाही हात लावलेला नाही."

"खोटं बोलतोस, अण्णा. लोकांनी फक्त तुलाच ऐकावं, हेच तुला जन्मभर हवं होतं."

आवाज चढलेले ऐकून पुतणी कुमुद आतून आली. तिनं हेडफोन काढून प्लेअर बैठकीतल्या मोठ्या स्पीकरला जोडला. डग्गा असा घुमला की कपाटाच्या काचा थरथरल्या.

"काका, या एवढ्याशा हेडफोनला खर्ज पेलत नाही," ती म्हणाली.

दिनकरची मान खाली गेली. "अण्णा, चुकलो मी."

पद्माकरनं स्पीकर बंद केला. "तीस वर्षं तुझ्या ठेक्यावर डोळे मिटून गायलो," तो म्हणाला, "आणि तुला मी चोर वाटलो."

मग त्यानं स्वतः उठून दार उघडलं आणि दिनकर बाहेर पडेपर्यंत ते धरून ठेवलं.