गुडघ्याचा अंदाज

शिवणकाम करता करता ती गावचं हवामान फेसबुकवर टाकायची, म्हणून सगळे तिला वेधशाळाबाई म्हणत. नवरा मात्र टर उडवायचा, “तुझ्या अंदाजापेक्षा माझा दुखरा गुडघा बरा!” काल संध्याकाळी स्वच्छ आभाळ बघून तिने सकाळची पोस्ट आधीच लिहून, सातला आपोआप पडेल अशी लावून ठेवली: “पाऊस नाही, पूल मोकळा.” पहाटे नदीच्या वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला, आणि बाई गाढ झोपेत. जाग आली ती फोन खणखणला तेव्हा. पुलाचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. गढूळ लोंढ्यात एक स्कूटर आडवी पडलेली, हँडलला तिनेच शिवलेली फुलाफुलांची पिशवी. तिने वळून पाहिलं. शेजारचं अंथरूण रिकामं होतं. तिने पोस्ट उघडली. खाली नवऱ्याची पहिलीवहिली कमेंट होती: “गुडघा नको म्हणतोय, पण बायकोवर विश्वास आहे. निघालो.”