खिडकीखालचं इंजिन

खाली सासऱ्यांची पिठाची गिरणी, वर घर, आणि डिझेल इंजिनाचं धुराचं नळकांडं नेमकं तान्ह्या नातीच्या खिडकीखाली. इंजिन सुरू झालं की सून धावत जाऊन खिडकी लावायची.

"बाबा, छपरावर सोलर बसवूया. आपण दळतो ते दिवसाउजेडीच ना?"

"आणि आभाळ भरून आलं की? सूर्य काय तुझ्या माहेरचा आहे, बोलावला की यायला?"

"त्या दिवशी लावा की इंजिन!"

"अगं, त्याची धडधड ऐकून तर गिऱ्हाईक डबा घेऊन येतं. चाळीस वर्षं झाली. थोरला मुलगाच आहे तो माझा."

सून खोकणाऱ्या लेकीची पाठ चोळत राहिली.

महिना झाला तरी खोकला हटेना, तेव्हा सासरे आणि सून तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "घरात सिगारेट कोण ओढतं?"

"कोणीच नाही हो," सून म्हणाली.

आजोबांच्या मांडीवर बसून नात त्यांच्या शर्टाचं बटण चघळत होती. दर श्वासाला तिच्या इवल्याशा बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"मी ओढतो," आजोबा म्हणाले. "रोज दहा तास. हिच्या खिडकीखाली."

"या वयात? जरा तरी लाज वाटू द्या!"

जन्मात कधी विडीला न शिवलेल्या त्या माणसाने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग सुनेला म्हणाला, "त्या सोलरवाल्याला आजच बोलाव."