गुंडूची हजेरी

दर पंधरा ऑगस्टला नेसरीचे माजी सैनिक शहिदांची हजेरी घेत. नाव पुकारलं की त्या जवानाचा पलटणीतला सोबती त्याच्या वतीनं ओ देई.

"शिपाई गुंडू कोलेकर!"

"हजर!" अण्णासो यंदाही घसा फुटेस्तोवर ओरडला. शाळेचं पटांगण टाळ्यांनी दणाणलं.

कार्यक्रम संपल्यावर गुंडूच्या बायकोनं, विठाबाईनं, त्याला गाठलं. "भावजी, तुमी ओ दिलीसा की वाटतंय, ह्ये अजून पलटणीतच हाईत. गेलेल्या माणसासाठी कोण करतंय एवढं? पुढच्या सालाला बी तुमीच यायचं बगा."

अण्णासोला मान वर करवेना. "व्हय वैनी," एवढंच तो कसंबसं म्हणाला.

बर्फातल्या त्या चौकीवरनं गुंडू एका दुपारी कुणाला न विचारता खाली गेला होता, विठाबाईचं पत्र आलंय का बघायला. संध्याकाळच्या हजेरीला तो परतला नव्हता. येईलच एवढ्यात, उगं शिक्षा कशाला, म्हणून मागच्या रांगेतनं अण्णासोनंच त्याच्या नावाला ओरडून दिलं होतं, "हजर!"

म्हणून तर उजाडेपर्यंत गुंडूला शोधायला कुणीच निघालं नाही.